सुकदेवनानांनी पसंत केलेला प्रोग्रॅम

पेशंट दाराशी चपला काढतोय तोवर त्याचा केसपेपर डॉक्टरांच्या टेबलावर पोचलेला असायचा. धरणगावच्या डॉ. प्रकाशचंद चोरडियांच्या दवाखान्यात १९६८ सालापासून कंपाउंडर असलेल्या सुकदेवनानांना या एका गोष्टीचा भारी अभिमान होता. त्यांच्याकडे नंबर नव्हते, एबीसीडी नव्हती. एकेका गावाचं एकेक गाठोडं, धुवट फडक्यात बांधलेलं, आणि गाठोड्यात घरं लावलेली गल्लीच्या क्रमानं. मारुतीच्या पारापासून सुरुवात, मग उजव्या हाताची घरं, मग वळण घेऊन डाव्या हाताची. नाना मनातल्या मनात त्या गावात शिरायचे, चालत चालत त्या घरापाशी थांबायचे आणि कागद काढायचे. निम्म्या तालुक्याचं आडनाव पाटील आणि उरलेल्यातल्या निम्म्यांचं महाजन, त्यात नावंही तीच ती. दुसरा कोणी असता तर चार दिवसांत डोकं धरून बसला असता.

लग्नसराईत नानांना आणखी एक काम असे. दवाखान्यात आलेली एकही पत्रिका ते टाकत नसत. अक्षता पडल्या, की दुसऱ्या दिवशी मुलीचा कागद माहेरच्या गाठोड्यातून निघायचा आणि सासरच्या गाठोड्यात, सासऱ्याच्या घरात, सुनेच्या जागी जाऊन बसायचा. डॉक्टर थट्टा करत, "काय नाना, झाली का पाठवणी?" नाना गंभीरपणे सांगत, "झाली साहेब. एक आपल्याकडंच चोपडा रोडला पडली. दोन शिंदखेड्याकडे गेल्या, त्या आता आपल्या हातातून सुटल्या." मुलगी दूर दिली की नानांना खरंच चुटपुट लागे. त्याचं कारण मात्र डॉक्टर सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

कारण असं, की मुलींच्या कागदावर सगळं लिहिलेलं नसायचं. मुलगी बघायला आलेले पाहुणे परतीच्या वाटेवर दवाखान्यात डोकावत. डॉक्टरांना विचारायची त्यांची छाती होत नसे. मग कंपाउंडरला चहाला बाहेर बोलावलं जाई. "नाना, पोरगी कशी शे? काही दुखनं-बिखनं?" नाना म्हणत, "सर्दी-पडसं, दुसरं काय?" चौऱ्याहत्तर साली मात्र एका मुलाच्या मामानं बोलता बोलता नानांच्या हातातला कागदच ओढून घेतला. पाच वर्षांपूर्वी बरा झालेला क्षय त्यावर लिहिलेला होता. लग्न मोडलं. पुढं कितीतरी वर्षं ती पोरगी वडिलांच्या खोकल्याचं औषध न्यायला यायची आणि नानांना तिच्याकडे बघवायचं नाही.

त्यानंतर नानांनी ठरवूनच टाकलं. लग्नाच्या मुलीचा कागद स्वच्छ ठेवायचा. असं काही असलं, की ते नानांच्या डोक्यात राही आणि मुलगी आत शिरताना ते डॉक्टरांच्या कानाशी लागत. डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही लक्षात ठेवा म्हणजे झालं." वीस-बावीस वर्षं तसं चाललं आणि कधी काही बिघडलं नाही. अशा सात जणी नानांच्या डोक्यात होत्या. त्यांतली एक तोतारामभाऊंची कोकिळा.

शहाऐंशी साली तेरा वर्षांच्या कोकिळाला बैलगाडीत घालून आणलं होतं. जीभ चावली गेलेली, तोंडाला फेस, अंगाला अजून झटके. डॉक्टरांनी सांगितलं, "रोज एक गोळी. एक दिवसही चुकवायची नाही." डॉक्टर हात धुवायला गेले तशी तिची आई, शेवंताबाई, नानांच्या पायाशी वाकली. "नाना, कागदवर लिखू नका व्हो. पोरगी शे मनी. उद्या कोन करी तिले?" नानांनी कागदावर लिहिलं, अशक्तपणा. बारीक पांढऱ्या गोळ्यांची पुडी बांधून दिली. शेवंताबाईंनी घरात नि शेजारीपाजारी सांगितलं, ताकदीच्या गोळ्या आहेत.

त्र्याण्णवला कोकिळाचं लग्न झालं. चोपडा रोडवरच्याच गावात, इंदिराबाई नावाच्या सासूच्या हाताखाली. नानांनी समाधानानं तिचा कागद हलवला. पोरगी आपल्याच दवाखान्यात राहिली, म्हणजे पुडी चालू राहणार. सासूच्या गुडघ्याचं औषध न्यायच्या निमित्तानं कोकिळा महिन्याला यायची. नाना सासूच्या गोळ्या बांधत आणि त्याच कागदात आतल्या बाजूला दुसरी पुडी सरकवत. त्या गोळ्यांबद्दल ते तिच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. चार माणसांत बोलणार काय? पुढं तिला मुलगा झाला. तो दुडूदुडू चालायला लागला तेव्हा नानांनी त्याला काचेच्या बरणीतली एक गोड गोळी दिली आणि त्या दिवशी ते उगाचच खूश होते.

शहाण्णवच्या पावसाळ्यात दोन गावांच्या गाठोड्यांना वाळवी लागली. नानांनी फडकं सोडलं तर हाताला नुसती माती आली. त्यात नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. अक्षरं विरघळायला लागलेली. डॉक्टर म्हणाले, "नाना, आता कॉम्प्युटर घेऊ. जळगावच्या डॉक्टरांनी घेतलेत. पेशंटची सगळी माहिती त्यात घालायची." नानांनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली. डॉक्टरांना वाटलं म्हातारा रुसला. त्यांनी समजूत काढली, "रोज हाताळायचंय तुम्हाला आणि कुंदाबाईंना. तेव्हा प्रोग्रॅम तुम्हीच पसंत करा. मी त्यात पडत नाही." केवढा हा मान! अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत नानांना कोणी काही पसंत करायला सांगितलं नव्हतं, घरातसुद्धा नाही. नवी नर्स कुंदाबाई टायपिंग शिकलेली होती. तिनं कौतुकानं नानांना बसायला खुर्ची दिली.

पहिला माणूस आला पुण्याच्या कंपनीचा. टाय लावलेला, घाम पुसणारा. त्याच्या प्रोग्रॅमला प्रश्न फार. नाव, वय, गाव इथवर ठीक. पुढं एक अख्खा पडदा आधीच्या आजारांचा. क्षय आहे का? दमा? झटके? वेड? हो किंवा नाही. उत्तर दिल्याशिवाय यंत्र पुढं सरकायचंच नाही. आणि शेवटी कर्रकर्र आवाज करत छापील चिठ्ठी बाहेर, त्यावर हे सगळं ठळक. "पेशंटच्या हातात पूर्ण हिस्ट्री!" तो माणूस म्हणाला. डॉक्टर हरखले. नानांच्या डोळ्यांपुढं मात्र ती चिठ्ठी निघाली थेट इंदिराबाईंच्या ओसरीवर. घरात शिकलेला दीर होताच वाचून दाखवायला.

तेवढ्यात एक बाळंतीण अडली म्हणून डॉक्टर उठून आत गेले. कुंदाबाईही मागोमाग धावली. नानांनी घसा साफ करून विचारलं, "एखादी गोष्ट चिठ्ठीवर येऊ द्यायची नसली तर?" पुण्याचा माणूस हसला. "सोपं आहे काका. त्या पानाला कुलूप घालता येतं. पासवर्ड फक्त डॉक्टरांकडे. चिठ्ठीवर येणार नाही, दुसऱ्या कोणाला दिसणारही नाही." आणि त्यानं तिथल्या तिथं करून दाखवलं.

म्हणजे नानांना हवं होतं ते समोर आलं होतं. सातही जणी त्या कुलपाआड बसल्या असत्या. पण नानांचा जीव त्या यंत्रावर बसेना. आज कुलूप डॉक्टरांच्या हातात, उद्या कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की तो उघडणार, परवा डॉक्टरांची सून दवाखान्यात बसेल ती उघडणार. आणि आणखी एक गोष्ट होती, ती नानांनी स्वतःशीसुद्धा धडपणे कबूल केली नाही. पेशंट आत शिरताना डॉक्टरांच्या कानाशी लागायचं, डॉक्टरांनी मान हलवायची, यात नानांची किंमत होती. ते गेलं तर मागं काय उरणार? डोळे अधू झालेला एक कंपाउंडर.

दुसरा आला जळगावचा लखीचंद. साधा बुशशर्ट, प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला. काळा पडदा, त्यावर मोजके रकाने: नाव, गाव, वय, तक्रार, औषध. खाली शेरा म्हणून एक ओळ, भरली तर भरा. नानांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली, की शेरा कोरा ठेवला तरी यंत्र अडत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "मग? कोणता?"

"जळगाववाला, साहेब. कुंदाबाईला झेपेल. बिघडलं तर माणूस तासाभरात येईल. पुण्याहून कोण येतंय?"

"ते पटलं. पण आधीच्या आजारांचं काय? त्याच्यात ते पानच नाही."

"ते मी आहे ना," नाना म्हणाले.

डॉक्टर हसले आणि त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. कुलपाचं नानांनी सांगितलं नाही. विचारलं कोणी नाही, म्हणून आपण खोटं बोललो नाही, असा हिशेब त्यांनी लावला. माणूस स्वतःशी बोलताना किती सोयीचा वकील होतो पाहा!

तीन महिने कुंदाबाईनं एकेक गाठोडं सोडून कागद यंत्रात घातले. नाना शेजारी बसून अक्षर लावून देत. सात कागद आले तेव्हा सातदा त्यांचा आवाज थोडा बसला. कुंदाबाईनं विचारलं, "कोकिळा, अशक्तपणा. औषध काय टाकू?" नाना म्हणाले, "काही नाही. असू दे." यंत्र तसूभरही अडलं नाही.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला ठरलं. मुलगी तिथंच दिलेली होती, तिच्याकडे पंधरा दिवस राहायचं. निघायच्या आदल्या दिवशी कोकिळा पुडी घेऊन गेली होती, तीस गोळ्यांची. नानांनी बोटांवर मोजलं. आपण परतल्यावरही तिच्याकडे पंधरा उरतील. कुंदाबाईला सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. पण ही त्याच पंचक्रोशीतली, हिची मावशी इंदिराबाईंच्या गल्लीत. नानांनी ओठ मिटले.

ऑपरेशनच्या डोळ्यात पू झाला. पंधराचे वीस झाले, विसाचे तीस. डोळ्याला पट्टी बांधून नाना पलंगावर पडत आणि दिवस मोजत. एकतिसाव्या दिवशी त्यांना राहवेना. मुलीचा हात धरून ते एसटीडीच्या बूथवर गेले. बूथचं दार लागत नव्हतं आणि मागं चार जण नंबर लावून उभे. पलीकडून कुंदाबाईचा खणखणीत आवाज आला, "नाना! कसे आहात? इकडची काही काळजी करू नका. सगळं यंत्रात आहे." नानांच्या मागचा माणूस खाकरला. मुलगी कान देऊन ऐकत होती. नानांनी विचारलं, "बाकी सगळं ठीक?" कुंदाबाई म्हणाली, "एकदम ठीक." नानांनी फोन ठेवला. त्या दिवशी जेवणावरची त्यांची वासना उडाली. मुलीला वाटलं, डोळा दुखतो.

आणखी नऊ दिवसांनी नाना काळा चष्मा लावून दवाखान्याची पायरी चढले. कुंदाबाई त्यांना पाहून उठली आणि रडायलाच लागली. परवा कोकिळाला आणलं होतं. घरी पाहुणे आले होते म्हणून पुरणाच्या मांड्यांचा बेत होता. चुलीवर मातीचं खापर तापलेलं, हातावर मांडा मोठा केलेला, आणि ती तशीच पुढं तोंडघशी त्या खापरावर. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, गालही. सासूनं सांगितलं, पाय घसरला. डॉक्टरांनी यंत्रात पाहिलं. अशक्तपणा, बाकी काही नाही. मग काल संध्याकाळी दवाखान्याच्या वरच्या खोलीत, कॉटवर, सगळ्यांच्या देखत तिला झटके आले.

"गोळ्या?" नानांनी कसंबसं विचारलं.

"दहा दिवसांपूर्वी आली होती ती. म्हणाली, नाना नहीत का? माले ताकदन्या गोया पाहिजेत." कुंदाबाईनं पडद्याकडे बोट दाखवलं. "यात अशक्तपणाच होता ना नाना. मी लोहाच्या दिल्या. लाल. नीट नोंद करून दिल्या."

नोंद खरंच होती. तारीख, गोळ्यांची संख्या, सगळं चोख. नाना डॉक्टरांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सात नावं सांगितली. पुण्याच्या माणसानं दाखवलेलं कुलूपही सांगितलं. डॉक्टर खूप वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. नानांना वाटत होतं, हे ओरडतील, हाकलून देतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं नाना," ते शेवटी म्हणाले. "आणि लक्षात ठेवा असं मीच सांगून मोकळा झालो होतो. परवा तिच्या हाताला मलमपट्टी केली मी. ही तोतारामची पोर, हे मला ओळखूसुद्धा आलं नाही. झटक्यांच्या गोळ्या कालच सुरू केल्यात. चला, वर या."

वरच्या खोलीत कोकिळा उशीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. एका बाजूला शेवंताबाई, दुसऱ्या बाजूला इंदिराबाई. दोघी विहिणी एकमेकींकडे बघत नव्हत्या. नानांनी इंदिराबाईंपुढं हात जोडले. मार खायची तयारी करूनच ते आले होते.

"अक्का, चूक मनी शे. पोरले झटके येतस, हाई मी दडाडी ठेवं. तुमले सांगाले पाहिजे व्हतं."

इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला. "माले काय सांगतस नाना. माले म्हाईत शे. लगीनले आठ दिन नही व्हयनात, तवयच मी मना डोयाघाई पाह्यं."

शेवंताबाईंनी मान वर केली. नानांच्या तोंडून निघालं, "मंग बोलन्यात का बरं नहीत? परवा डाक्टरले तरी?"

"कशी बोलू? मनी आंडेर, पोटनी पोर, लगीननी शे. परवा तिलेच पाहाले पाव्हना येल व्हतात. घरमा मिरगी शे अशी बोंब व्हयनी म्हंजे तिले कोन करी?" इंदिराबाई रडायला लागल्या. "मी म्हनं, तिना गोया चालू शेतस, तुमीन देतस, तं चालू द्या. कागदवर नको याले."

नाना कॉटच्या कडेवर बसले. ज्या घरापासून चार वर्षं गोष्ट लपवली, त्या घरानं तीच गोष्ट चार वर्षं त्यांच्यापासून लपवली होती. कोणासाठी पसंत केला आपण तो बिनप्रश्नांचा प्रोग्रॅम? त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की समोरच्या पट्ट्यांकडे बघवेना. पण कोकिळा एकटक त्यांच्याकडेच बघत होती.

"कसाना झटका नाना?" तिनं विचारलं.

शेवंताबाईंनी तिच्या अंगावरची चादर नीट केली.

"माले तं चक्कर येस कधीमधी. न्हानपनपासून. मायनी सांगेल, अशक्त शे, म्हनीसन ताकदन्या गोया लेवाना. त्या लाल गोयाबी मी रोज लिन्यात, एक दिनबी चुकाडी नही." ती आईकडे वळली. आईनं मान खाली घातली. ती सासूकडे वळली. "कसाना झटका?"

मग नानांनी सांगितलं. शहाऐंशी सालापासून सांगितलं, बैलगाडी, चावलेली जीभ, पांढऱ्या गोळ्या कशावरच्या, अशक्तपणा का लिहिला. झटका आलेल्या माणसाला स्वतःला काही आठवत नाही, हे मधेच डॉक्टरांनी सांगितलं. ती न रडता ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं डाव्या हाताची बोटं एकेक करून दुमडली. आई. बाप. डॉक्टर. नाना. सासू. मग थांबून तिनं सासूला विचारलं, "त्यासले?" ती नवऱ्याबद्दल विचारत होती. इंदिराबाईंनी होकाराची मान हलवली.

कोकिळानं आणखी एक बोट दुमडायला हात पुढं केला. त्या हाताची पाचही बोटं मिटून झाली होती, आणि दुसरा हात पट्ट्यांत होता.

"बठ्ठासले म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "आंग मनं, आनि मालेच म्हाईत नही."